चैत्रात फुटलेली गिटार

माझ्या हातची पहिली गिटार श्रावणात जुळली आणि पुढच्या चैत्रात फुटली. रात्री नऊचा सुमार होता. कोपऱ्यातून वाळली काडी मोडावी तसा आवाज आला. उठून पाहिलं तर घोडीपासून खालच्या कडेपर्यंत तबलीला सरळ चीर गेलेली. कुणी हात लावला नव्हता, ती पडली नव्हती, तारासुद्धा सैल करून ठेवलेल्या होत्या. आबा तेव्हा हयात होते. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "कोन्या महिन्यात चिकटवलं होतंस?"

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं चारठाणा. बाहेरची माणसं इथं जुनी देवळं, गोकुळेश्वराची बारव आणि उंच दगडी स्तंभ पाहायला येतात. आमचं घर सुतारकीचं. आबांनी जन्मभर तिफणी, वखरं, बैलगाड्या केल्या. माझ्या उमेदीत ट्रॅक्टर आले आणि ते काम गेलं, दारं-खिडक्या उरल्या. मग तयार दारं आली. मिरजेला गेलो तो वीणेपायी. सप्त्यात वीणा सात दिवस खाली टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि आमच्या वीणेचा भोपळाच तडकला होता. दुरुस्तीला चार दिवस लागले. ते चारही दिवस मी कारागिराच्या शेजारी बसून राहिलो. पुढच्या वर्षी परत गेलो तो दोन वर्षं राहिलो.

गिटार नंतर आली. परभणीला शिकणाऱ्या गावातल्या एका पोराच्या गिटारीची दांडी वाकली होती. "काका, तुमी सतारीचं काम शिकून आलाव ना, हे बघा," म्हणत तो घेऊन आला. मी ती उघडली आणि मला तिचा नाद लागला. आजवर सतरा केल्या. त्यांतल्या पाच विकण्याजोग्या नव्हत्या, आणि खाली लिहिलंय ते बरंचसं त्या पाचांनी शिकवलेलं आहे. शब्द मी मिरजेचेच वापरतो: वरची नाद देणारी फळी ती तबली, मान ती दांडी, फ्रेट ते पडदे, तारा जिच्यावर बसतात ती घोडी, आणि दांडीच्या वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात तो मेरू.

१. तोडलेल्या लाकडाचीही तहान जात नाही.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते. ती लाल होईपर्यंत तापवून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आवळतं, चाक एकजीव होतं. पण उन्हाळ्यात तीच धाव खुळखुळायला लागते, कारण आतलं लाकूड सुकून आखडलेलं असतं. मग गाडीवाले रात्रभर चाकं पाण्यात घालून ठेवायचे. सकाळी धाव पुन्हा घट्ट. आबा म्हणायचे, "लाकूड तोडलं म्हून त्याची तहान जात नसती." लहानपणी हे शंभरदा पाहिलं, ऐकलं, आणि गिटार करताना मला त्यातलं काही आठवलं नाही.

लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, रुंदीत आखडतं. गिटारीची तबली सगळ्यात रुंद जागी ३९० मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्या आतून ज्या पट्ट्या आधाराला लावतात, त्या तिच्या रेषांना आडव्या किंवा तिरक्या जातात. लाकडातलं पाणी चार टक्क्यांनी घटलं तर एवढी रुंद तबली दोनेक मिलिमीटर आखडू पाहते. आडवी पट्टी मात्र आपल्या लांबीत आखडत नाही आणि तबलीला सोडतही नाही. शेवटी तबली फाटते. श्रावणात आमच्याकडे हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो. चैत्रातल्या दुपारी माझ्या खोलीतला ओलावामापक २० च्या खाली उतरलेला मी पाहिला आहे. पाणी पिऊन फुगलेली तबली मी पट्ट्यांना बांधून टाकली होती. चीर चैत्रात दिसली, पण तिचं कारण मी श्रावणात सरसासोबत चिकटवलं होतं.

२. चिकटवायचा महिना कॅलेंडर पाहून ठरवावा.

परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की कामाच्या खोलीत ओलावा ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. तिकडं त्यासाठी यंत्रं असतात. माझं काम पत्र्याखाली चालतं. म्हणून मी एक साधा ओलावामापक आणला आणि दोन वर्षं रोज सकाळी आणि दुपारी त्याचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिला. घरात ज्या चौकटीत दुधाचा हिशोब असतो, तिथं माझे आकडे बसले. दोन वर्षांनी जे कळलं ते असं: माझ्या जागी दिवाळीनंतरचे काही आठवडे आणि माघ-फाल्गुनाचा काळ चिकटवायला चांगला. तेव्हा हवा ना फार ओली, ना फार कोरडी. थोडी कोरड्याकडे झुकलेली असली तर उत्तमच. कोरड्या हवेत जुळलेली तबली पावसाळ्यात किंचित वर फुगते, तारा थोड्या उंच होतात, पण फुटत नाही. उलटं केलं तर फुटते.

नुसत्या हवेवर विसंबूनही चालत नाही. फळीच्या पोटात किती पाणी आहे ते वरून दिसत नाही. त्यासाठी मी वजन करतो. शेजारच्या किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. दर सोमवारी तबलीच्या फळ्या तिथं नेऊन ठेवायच्या, वजन आणि तारीख पेन्सिलीनं फळीवरच लिहायची. वजन उतरत राहतं तोवर फळी सुकते आहे. सलग तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की तिची आणि हवेची बरोबरी झाली. दुकानदाराला पहिल्या वर्षी हे विचित्र वाटलं. आता तोच आठवण करून देतो.

पावसाळ्यात मी तबली चिकटवत नाही. दांड्या तासतो, हत्यारांना धार लावतो, कडांच्या फळ्या चिरून रचून ठेवतो. एकदा गणपतीच्या आधी हवी म्हणून एकानं फार आग्रह केला आणि मी भाद्रपदाच्या तोंडावर जुळवणी केली. मे महिन्यात ती परत आली, तबली घोडीच्या पुढं बशीसारखी खोल गेलेली. तेव्हापासून आगाऊ पैसे घेण्याआधी महिना सांगतो.

३. सांधा कोरडा बसला पाहिजे.

चारठाण्याच्या देवळांत दगड दगडावर चुन्याशिवाय बसवलेले आहेत. लहानपणी आम्ही त्या फटींत बोरीचा काटा घालून पाहायचो, कित्येक ठिकाणी जात नसे. त्या पाथरवटांनी चिकटवायला काही घेतलं नाही, दगडालाच नेमकं केलं. सुताराजवळ सरस आणि फेविकॉल असतो, आणि तिथंच आळस शिरतो.

दांडी आणि पेटी जिथं जुळतात तिथं दांडीला कुसू काढतात आणि पेटीच्या ठोकळ्यात साळ खणतात. मी कुसवाला खडू चोळतो, साळीत बसवतो, बाहेर काढतो. जिथं लाकूड जास्त आहे तिथला खडू साळीच्या भिंतीला उमटतो. पटाशीनं तेवढंच, कागदाइतकं, तासायचं. पुन्हा खडू, पुन्हा बसवणं. वीस-पंचवीस वेळा हे होतं. चिकट काही न लावता दांडी धरून अख्खी पेटी उचलता आली की सांधा झाला.

त्याच वेळी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. मेरूपासून पेटीच्या शेवटापर्यंत दोरा ताणला तर तो तबलीच्या मधल्या जोडावरून जायला हवा. आणि दांडीवर सरळ पट्टी ठेवून पुढं सरकवली तर तिचं टोक घोडीच्या माथ्याला जेमतेम टेकावं. खाली गेलं तर तारा दांडीपासून फार उंच राहतील. इथली चूक पुढं कशानंही भरून निघत नाही.

४. धार.

रंध्याचं पातं आणि पटाशी मनगटावरचे केस काढतील एवढी धारदार असावी. बोथट रंधा तबलीचे तंतू उचकटतो, आणि एका जागी उचकटलेलं झाकायला सगळी फळी पातळ करावी लागते. तबलीवर काचकागद मी अगदी शेवटी घेतो. त्याआधी पोलादी पट्टीनं खरवडतो. आबा फुटलेल्या आरशाच्या तुकड्यानं खरवडायचे, आणि तो तुकडा अजून माझ्या पेटीत आहे. त्याची कड कुठल्याही विकतच्या हत्याराइतकी चांगली चालते.

५. तबली पातळ करताना आकड्यावर थांबू नये.

या एका कामावर सगळी गिटार आहे. अंतोनियो दे तोरेस नावाचा स्पेनचा सुतार, जन्म १८१७ चा, आजच्या गिटारीचा बांधा त्यानं ठरवला. त्यानं १८६२ साली एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या, फक्त तबली चांगल्या लाकडाची. नाद तबलीत असतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. मी हे वाचलं त्या दिवशी मला कागदाच्या लगद्याची आमच्याकडची सुपं-टोपल्या आठवल्या, आणि त्या माणसाबद्दल जवळीक वाटली.

तबलीकडून दोन उलट्या गोष्टींची अपेक्षा असते. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, म्हणजे जवळपास पाऊण क्विंटल. तो ताण तिनं वर्षानुवर्षं सोसायचा. आणि त्याच वेळी बोटाच्या टिचकीनं थरथरायचं. माझी पहिली तबली तून लाकडाची होती, कारण मिरजेत सतारीला तूनच पाहिलं होतं. व्यापारी त्याला भारतीय लाल सीडर म्हणतात, आणि गिटारींच्या पुस्तकांत लाल सीडरच्या तबल्यांचं कौतुक वाचलेलं. नावाला भुललो. ते सीडर अमेरिकेतलं, झाडाची जातच वेगळी. दुसऱ्या गिटारीला भीतीनं चार मिलिमीटर जाडी ठेवली, तर ती पाटासारखी बोलली. तिसरीला सव्वादोनपर्यंत आणली, तर नाद सुरेख आला आणि वर्षभरात पोट बाहेर आलं. दोन्ही भिंतीवर आहेत.

आता तबलीसाठी मी स्प्रूसचं लाकूड मुंबईहून मागवतो, दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून मधोमध जोडतो. पुस्तकं तिची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर सांगतात. पण त्याच झाडाच्या दोन फळ्यांतही फरक असतो. म्हणून तीन मिलिमीटरला पोचलो की कॅलिपर बाजूला ठेवतो. फळी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी वाकवून पाहतो, आधी रेषांच्या लांबीत, मग आडवी. कडेपासून पाव अंतरावर दोन बोटांत लटकती धरून मध्यावर टिचकी मारतो. जाड असताना आवाज ठक असा येऊन मरतो. काढत गेलो की तो उतरतो, लांबतो, घुमायला लागतो. एका टप्प्यावर आडवं वाकवताना फळी हाताला अचानक मऊ लागते. ते लागण्याच्या किंचित आधी थांबायचं. मला हे जमायला दहा तबल्या लागल्या. काढलेलं लाकूड परत बसत नाही, त्यामुळे शेवटचे चार फेरे मी दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या कानानं घेतो.

मग आतल्या पट्ट्या. पोलादी तारांच्या गिटारीत त्या फुलीच्या आकारात लावतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मार्टिन या जर्मन कारागिरानं १८४० च्या दशकात ही पद्धत बसवली. पट्टीचं खालचं अंग मी सरळ ठेवत नाही, परातीच्या तळाइतका किंचित गोलवा देतो. त्यानं तबली थोडी घुमटाकार होते. कोरड्या दिवसांत ती आखडली तर आधी घुमट बसतो, फाटायची पाळी लगेच येत नाही. पट्ट्या दाबून धरायला महागडे शिकंजे लागत नाहीत. हे काम पत्र्याखाली नाही, घरात करतो; आमचं घर माळवदाचं. छताच्या सरांच्या खाली मी तबली ठेवतो आणि सर नि पट्टी यांच्यामध्ये बांबूच्या कामट्या धनुष्यासारख्या वाकवून अडकवतो. चाळीस कामट्या लागतात, सगळ्या एकसारखा दाब देतात. परदेशातले कारागीर याच कामाला फायबरच्या काड्या आणि खास चौकट वापरतात, हे मला फार उशिरा कळलं.

६. पडद्यांच्या जागा मेरूपासूनच मोजाव्यात.

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. वाजवणारा बसल्या बैठकीत ते सरकवून रागाप्रमाणे लावतो. गिटारीचा पडदा दांडीत ठोकला की कायमचा. मिरजेहून आलेल्या माझ्या हाताला हा फरक समजायला एक दांडी फुकट घालवावी लागली.

मेरूपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरा. जुने कारागीर तिचा अठरावा भाग काढून पहिला पडदा बसवत, मग उरलेल्याचा अठरावा भाग, असं पुढं. हिशोब तोंडी करता येतो, पण बाराव्या पडद्याला घोळ होतो. तो बरोबर निम्म्यावर, ३२५ ला, हवा; अठराच्या हिशोबानं तो जवळपास अडीच मिलिमीटर अलीकडे पडतो. खरा भाजक १७.८१७ आहे. त्यानं पहिला पडदा ३६.४८ वर येतो, दुसरा ७०.९२ वर, तिसरा १०३.४२ वर. आणि या मापाची खूण प्रत्येक वेळी मेरूपासूनच करायची. मी आधीच्या पडद्यापासून पुढचा मोजत गेलो होतो. पेन्सिलीच्या टोकाची जाडी बारा वेळा साठत गेली.

एवढं करूनही घोडी ६५० वर ठेवली तर वरचे सूर चढे लागतात, कारण तार पडद्यावर दाबताना ताणली जाते. घोडी दोनेक मिलिमीटर मागं घ्यावी लागते, जाड तारेसाठी आणखी थोडी. म्हणून गिटारीच्या घोडीवरची हाडाची पट्टी तिरकी दिसते.

७. मिरजेचं सगळंच गिटारीला लागू नाही.

मिरजेला जे मिळालं त्याचं ऋण मोठं आहे. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथं वाद्यं दुरुस्त करता करता घडवायला घेतली. हत्यारांना धार लावणारं ते घराणं, आणि आज त्या गल्लीला सतारमेकर गल्ली म्हणतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात आणि कामाला घेण्याआधी चांगले वाळवले जातात. थांबणं हा कामाचाच भाग असतो, हे मला तिथं राहून कळलं.

तिथलं सगळ्यात नाजूक काम जवारीचं. सतारीची घोडी रुंद आणि सपाट असते. तिच्यावर कानस इतकी हलकी फिरवतात की तार कंप पावताना घोडीच्या उतारावर टेकत-सुटत राहावी. त्या टेकण्या-सुटण्यानं जो झंकार येतो ती जवारी. माझे उस्ताद ती काढताना पंखा बंद करायला लावायचे, बोलू द्यायचे नाहीत. दोन वर्षांत मला त्यांनी जवारीला फक्त तीनदा हात लावू दिला.

हा अभिमान घेऊन मी गिटारीच्या घोडीवरच्या हाडाच्या पट्टीला बसलो आणि तिलाही तसाच मऊ उतार दिला. प्रत्येक तार भुणभुणायला लागली. मला वाटलं पडदे चुकले, म्हणून पडदे घासले. मग दांडी सैल म्हणून दांडी काढली. पंधरा दिवस गेले. शेवटी फोनवरून उस्तादांना वाजवून ऐकवलं. ते म्हणाले, "बेटा, तू तिला सतार करतोयस." गिटारीत तारेनं हाडाच्या अगदी पुढच्या धारेवरून, एकाच बिंदूतून सुटायला हवं. उतार मागच्या बाजूला, घोडीच्या खुंट्यांकडे. दहा मिनिटांत ती स्वच्छ बोलली. हात चांगला असून भागत नाही. समोरच्या वाद्याला काय हवं आहे ते विचारावं लागतं.

८. सरस सोडू नये.

जनावराच्या चामड्या-हाडांचा सरस आबा देव्हाऱ्यांना वापरायचे. त्याचे दाणे रात्रभर पाण्यात भिजवून, एका भांड्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास गरम करतात. उकळला की त्याची ताकद जाते. लावल्यावर एक-दोन मिनिटांत सांधा बसवावा लागतो, म्हणून आधी सगळ्या फळ्या जराशा गरम करून घ्यायच्या. वास येतो, घरातले कुरकुरतात. पण दोन गुण असे आहेत की मी त्याला सोडलं नाही. एक, वीस वर्षांनी कुणाला गिटार उघडायची झाली तर ऊन पाणी आणि पातळ सुरी घालून सांधा मोकळा होतो, लाकूड फाटत नाही. दोन, फेविकॉल उन्हाळ्याच्या तापानं मऊ पडून सरकतो, वाळलेला सरस सरकत नाही. माझी एक गिटार मे महिन्यात बसच्या डिकीतून परभणीला गेली आणि घोडी उखडून पोचली. ती घोडी फेविकॉलनं लावलेली होती. पावसाळी दमटपणा सरसालाही मानवत नाही, त्यामुळे गिटार ओल्या भिंतीला टांगू नये हे गिऱ्हाइकाला बजावून सांगतो.

९. कडा वाकवायला घाई चालत नाही, आणि भीतीही नाही.

कडेच्या फळ्या दोन मिलिमीटरच्या. त्यांना कंबर द्यायची. पाणी तापवायच्या जुन्या तांब्याच्या बंबाची मधली नळी मी कापून घेतली, आत निखारे भरतो. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत पळाला पाहिजे, तिथंच बसून चरचरला तर नळी अजून थंड आहे. ओली फळी नळीवर टेकवून झोके देत राहायचं, दाबायचं नाही. लाकूड आतून तापलं की ते हातात सैल पडतं, तो क्षण कळतो. मग एका दमात वळवायचं आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. मी सगळ्यात अवघड वळण, कंबर, आधी घेतो; मोडायची तर तिथंच आधी मोडते, बाकीची मेहनत वाया जात नाही.

शिसव या कामाला फार गुणी. आणि एक गोष्ट मला सांगायलाच हवी. ब्राझीलची शिसव मिळेनाशी झाल्यावर मार्टिन कंपनी १९६९ साली भारतीय शिसवीकडे वळली. जगातल्या कित्येक उत्तम गिटारींच्या पाठी आणि कडा तेव्हापासून आपल्या झाडांच्या आहेत. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आपलं लाकूड तिकडं जाऊन वाद्य होतं आणि आपली पोरं प्लायवूडची गिटार विकत घेऊन वर्षात मोडतात. हे मला मनापासून सलतं.

१०. जुनं सागवान.

नवी शिसव मला परवडत नाही आणि कापलेली पाहवतही नाही. गेल्या सहा गिटारींच्या पाठी, कडा आणि दांड्या जुन्या सागवानाच्या आहेत. पहिलं लाकूड जिंतुरातल्या एका पाडलेल्या वाड्याचं होतं. तुळईचा तुकडा, वरून काळा, धुरानं माखलेला. रंधा मारला तर आत मधासारखा रंग आणि तेलाचा वास. चुलीच्या वर त्यानं शंभरेक पावसाळे आणि तेवढेच उन्हाळे काढले असतील. फुगायचं तेवढं फुगून, आखडायचं तेवढं आखडून ते शांत झालेलं होतं. वजन करायला नेलं तेव्हा आठ सोमवार काट्यावरचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. सागवान वाकवताना शिसवीपेक्षा लवकर मोडतं, तेलामुळे सरस धरायला कुरकुर करतं. चिकटवण्याआधी त्याच दिवशी ताजं खरवडलं की धरतं. खिळ्याची भोकं आणि त्यांच्याभोवतीचे काळे डाग मी बुजवत नाही.

त्या तुळईची गिटार आबांना दाखवता आली. ते अंथरुणावर होते. कडेवर हात फिरवून म्हणाले, "ह्याला महिना इचारू नको. ह्यानं समदे बघितलेत." ती गिटार आठ चैत्र पाहून झाली, तिला चीर नाही.

आता आमच्या भागात वाडे भराभर पडत आहेत. तुळया, खण, दारांच्या चौकटी जळणाच्या भावानं जातात, काही वीटभट्टीला जातात. तुमच्या गावात वाडा पडत असेल तर ते लाकूड देण्याआधी एकदा एखाद्या सुताराला दाखवा. तीन फूट लांब आणि पाच इंच रुंद तुकडा असला, तरी एका गिटारीच्या दोन्ही कडा त्यातून निघतात.